बरोबरच्या खुणेचं झाड

ज्यूसच्या खोक्यावर, एखाद्या भारी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक बारीक खूण असते. ‘बरोबर’ची रेघ वर चढता चढता झाडाचा आकार घेते. तिच्याखाली तीन अक्षरं असतात, एफएससी, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल. जंगल राखून केलेल्या तोडीचा हा दाखला. खूण जंगलाच्या नावाने मिरवते, पण तिचा जन्म दुकानातला आहे. तिचे गुण आणि खोडी, दोन्ही बऱ्याच अंशी त्या जन्मातून आलेत.

१९८०च्या दशकात उष्ण कटिबंधातली जंगलं कशी भुईसपाट होताहेत, हे युरोपातल्या लोकांना घरबसल्या दिसू लागलं. फ्रेंड्स ऑफ द अर्थसारख्या संघटनांनी तिथल्या लाकडावर बहिष्काराची हाक दिली. ब्रिटनमधल्या ‘बी अँड क्यू’ या घरसामानाच्या दुकानसाखळीला एका पत्रकाराने विचारलं, तुमच्याकडचं किती लाकूड अशा जंगलांतून येतं? कंपनीकडे उत्तर नव्हतं. माल कुठून येतो हे विकणाऱ्यालाच ठाऊक नाही, ही गोष्ट बहिष्कारापेक्षाही जास्त झोंबली असावी.

बहिष्कारात एक गोम होतीच. लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही, की मालक जंगल जपत बसत नाही. ते जाळून तिथे कुरण किंवा शेती करतो. म्हणजे चांगलं लाकूड वेगळं ओळखता यायला हवं. सरकारांनी यात हात घालावा अशी आशा होती, पण १९९२च्या रिओ परिषदेत जंगलांसाठी बंधनकारक करार झालाच नाही. कुणावरही बंधन नसलेली तत्त्वं तेवढी कागदावर आली. मग १९९३च्या ऑक्टोबरात टोरांटोला २६ देशांतली १३० माणसं जमली आणि त्यांनी सरकारांना वगळून एफएससी ही संस्था काढली. तिची घडण मला तिच्या खुणेपेक्षा जास्त आवडते. सभासदांचे तीन गट, पर्यावरणवाले, लाकूडवाले आणि कामगार-आदिवासींच्या बाजूचे. तिघांच्या मतांचं वजन सारखं. शिवाय प्रत्येक गटात श्रीमंत आणि गरीब देशांचे पुन्हा समान वाटे. व्यापारी कितीही भरले तरी बाकीच्या दोघांना डावलता येत नाही. अर्थात, भांडणं मिटायला वर्षं लागतात, ती गोष्ट वेगळी.

दाखला देण्याची कल्पना मात्र संस्थेआधीची. रेनफॉरेस्ट अलायन्स या पर्यावरण संस्थेच्या ‘स्मार्टवुड’ योजनेने १९९० साली जावा बेटावरच्या सरकारी सागवानाला प्रमाणपत्र दिलं होतं. हे थोरलं अपत्य फळलं नाही. इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर तिथे सागाची बेसुमार चोरतोड झाली, गावकऱ्यांशी जुनी भांडणं होतीच, आणि २००१ साली प्रमाणपत्र स्थगित झालं. एफएससीची खूण ब्रिटनमध्ये पहिल्यांदा दिसली ती १९९६ साली, चक्क एका लाकडी उलथन्यावर. १९९९ साली युरोपातल्या छोट्या वनमालकांनी पीईएफसी ही वेगळी प्रमाणपत्र योजना काढून भावकीतलं दुसरं घर मांडलं.

आता जंगलात काय बदललं? मध्य आफ्रिकेत पाहावं. तिथे तोडायच्या झाडाला आधी क्रमांक मिळतो, नकाशावर त्याची जागा ठरते. झाड पडलं की तोच क्रमांक ओंडक्यावर आणि मागे उरलेल्या बुंध्यावरही घालतात. तपासनीस बुंधा आणि ओंडका जुळवून पाहतो. पुढे आरागिरणी, व्यापारी, कारखाना, प्रत्येकाचं आपापलं प्रमाणपत्र. मधली एक कडी निसटली की खूण लावता येत नाही.

पण खरा फरक पडला तो शिकारीला आळा घातल्याने. लाकडासाठी काढलेल्या वाटेने शिकारी आत शिरतात. प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांना जुन्या वाटा बंद कराव्या लागतात, ट्रकमधून रानातलं मांस नेण्यावर बंदी असते, आणि मजुरांना खायला बाहेरून मांस आणावं लागतं. गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकात १४ तोडक्षेत्रांत, निम्मी प्रमाणित आणि निम्मी नसलेली, ४७४ कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०२४ साली ‘नेचर’मध्ये आला. शंभर किलोंहून जड प्राणी प्रमाणित जंगलात २.७ पट जास्त वेळा दिसले. हत्ती, गोरिला वाचले ते झाडं मोजल्याने कमी आणि मजुरांच्या जेवणाची सोय केल्याने जास्त, असं माझं मत.

उलट मेक्सिकोत जंगलतोडीवर प्रमाणपत्राचा परिणाम शोधायला गेलेल्या संशोधकांच्या हाती काही लागलं नाही. तपासणीचा खर्च पेलणारा मालक बहुधा आधीपासूनच नीट वागत असतो, आणि जो शेतीसाठी रान मोडतो त्याला खुणेशी देणंघेणं नसतं. प्रमाणित क्षेत्रातला मोठा हिस्सा आजही युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहे. ज्या जंगलांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या वाट्याला कमीच आलं.

इकडे भारत सरकारने स्वतःची ऐच्छिक प्रमाणन योजना डिसेंबर २०२३मध्ये आणली. तिच्यात जंगलाबाहेरच्या झाडांचंही प्रमाणन आहे, कारण आपलं बाजारातलं बहुतेक लाकूड शेतातून आणि बांधावरून येतं. बांधावरची दहा निलगिरीची झाडं विकणाऱ्याने तपासनिसाचे पैसे कुठून भरायचे, हा प्रश्न तिथेही उभा राहतोच. सहारनपूर-जोधपूरच्या फर्निचरवाल्यांना मात्र अशा कागदांची सवय आहे, कारण परदेशी गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी तेच मागतं.