चार अंगुळांची जागा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या मूळबंधाच्या ओव्या वर्गात बहुधा भरभर उरकल्या जातात. कारण संकोच, दुसरे काही नाही. पण १२९० सालच्या या मराठी ग्रंथातले ते वर्णन चांगलेच मोजूनमापून केलेले आहे. गुदद्वार आणि शिश्न यांच्यामध्ये चार अंगुळांची जागा असते. दोन्ही टोकांकडून दीड-दीड अंगूळ सोडले की मधे एक अंगूळ उरते. तिथे टाच दाबून बसायचे. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू याच शिवणीपाशी एकत्र येतात. आज जगभर प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना जो व्यायाम शिकवतात, तो याच स्नायूंचा.

मग हा उपचार आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच होता, असे म्हणावे का? नाही. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त मूळबंधाचे फळ सांगितले आहे ते मलमूत्र कमी होण्याचे आणि म्हातारा तरुण होण्याचे. लघवी रोखण्याची ताकद वाढते, असा तिथे दावा नाही. त्या काळी तो प्रश्नही नव्हता, कारण तो प्रश्न निर्माण करणारी शस्त्रक्रियाच नव्हती.

ती शस्त्रक्रिया रूढ केली पीटर फ्रायर यांनी. हे आयरिश शल्यविशारद. त्यांची उमेदीची वर्षे भारतात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मुतखडे काढण्यात गेली. डिसेंबर १९०० मध्ये लंडनला त्यांनी ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयातून बोट घालून वाढलेली प्रोस्टेट सोलून काढली. १९०४ साली अमेरिकेत ह्यू यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढली. प्राण वाचू लागले, आणि गळतीचा प्रश्न पुढे आला.

त्याचे कारण रचनेत आहे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असते. लघवी अडवायला दोन स्नायू असतात. वरचा मूत्राशयाच्या तोंडाशी. तो आपल्या इच्छेवर चालत नाही. खालचा ग्रंथीच्या पलीकडे. तो आपण मनाने आवळू शकतो. शस्त्रक्रियेत वरच्याला इजा होते, कधी तो जातोच. दोघांचे काम एकट्या खालच्यावर पडते, आणि त्याला त्याची सवय नसते.

आता माझ्याच भागातला, अचलपूर-परतवाड्याकडचा माणूस घ्या. साठी उलटलेली, शस्त्रक्रिया करून घरी आलेला, नळी निघालेली. संत्र्याचे क्रेट उचलताना, शिंकताना, खाटेवरून उठताना धोतर ओले होते. तो कोणाला सांगत नाही. लग्नाकार्याला जाणे टाळतो आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातही पाणी कमी पितो. त्याने लघवी अधिक तीव्र होते, मूत्राशय आणखी चेतवले जाते. काहींना वाटते, पूर्वीसारख्या दंड-बैठका मारल्या की ताकद येईल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आखाडा १९१४ सालचा. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवले. अशा भागात ही समजूत असणारच. पण जोर लावला की पोटातला दाब वाढतो, आणि तो दाब त्याच दुबळ्या स्नायूवर येतो.

बंध-मुद्रांना दाबमापक लावण्याचे काम महाराष्ट्रातच सुरू झाले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवले. बस्तीत पाणी वर का चढते याचा उलगडा त्यातून झाला. नौली वेगळी, मूळबंध वेगळा. पण जे सांगितले जाते ते मोजून पाहायचे, ही दृष्टी महत्त्वाची.

मूळबंधाच्या स्नायूंना दाबमापक लावला तो लॉस एंजेलिसला आर्नल्ड केगेल यांनी, बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या स्त्रियांसाठी. १९४८ साली त्यांनी तो उपाय प्रसिद्ध केला. रबराची पोकळ नळी योनीत, तिला जोडलेली तबकडी समोर. योग्य स्नायू आवळला तरच काटा हलायचा. पुष्कळ स्त्रियांना कोणता स्नायू आवळायचा हेच आधी उमगत नसे. केगेल यांची खरी कमाई मला तरी हीच वाटते.

पुरुषांवरच्या पुराव्याला बराच वेळ लागला. २००० साली बेल्जियममधल्या लुव्हेनच्या अभ्यासात, कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्यांपैकी व्यायाम शिकवलेले ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले, न शिकवलेले ५६ टक्के. वर्षअखेर हे अंतर बरेच कमी झाले. २०११ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तर वर्षानंतर फरकच दिसला नाही: चार भेटींत समोर बसवून शिकवलेल्यांत ७६ टक्क्यांना गळती उरली, नेहमीची काळजी मिळालेल्यांत ७७ टक्क्यांना. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षाहून जुनी गळती असलेले २०८ पुरुष होते. आठ आठवड्यांत गळतीचे प्रसंग आठवड्याला २८ वरून १३ वर आले. नुसते थांबलेल्यांत २५ वरून २१ वर. यंत्र आणि विजेचे झटके जोडून फायदा वाढला नाही. म्हणजे व्यायामाने बऱ्याच जणांना लवकर आराम पडतो आणि काहींना उशिरा सुरू करूनही पडतो. सर्वांना मात्र पडत नाही. महागड्या यंत्रासाठी गाव सोडायची गरज नाही, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट.

कृती साधी आहे, पण चुकते फार. वारा आणि लघवी एकदम अडवल्यासारखे आत-वर ओढायचे. शिश्नाचे मूळ किंचित आत गेलेले दिसते. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. कुंथणे म्हणजे नेमके उलटे. पाच ते दहा आकडे धरायचे, तितकेच सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकला येण्याआधी, ओझे उचलण्याआधी स्नायू आवळून घ्यायचा. लघवी मधेच थांबवून पाहणे स्नायू ओळखण्यापुरते एकदा ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नाही. नळी आत असताना काहीही करायचे नाही; ती काढल्यावर डॉक्टरांना विचारून सुरुवात करायची. लघवीत रक्त आले, ताप आला किंवा धार अडली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.