एमएसमधील दृष्टिदोष : डोळा निर्दोष, तरी नजर अधू

मल्टिपल स्क्लेरॉसिस अर्थात ‘एमएस’ हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांचा दीर्घकालीन विकार आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणावरच हल्ला करते आणि संदेशांचे वहन मंदावते किंवा खंडित होते. हा विकार प्रामुख्याने विशी ते चाळिशीत सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. अनेक रुग्णांमध्ये त्याची पहिली खूण डोळ्यात उमटते.

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्यापासून साधारण सत्तर ते ऐंशी किलोमीटरवर आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय यांसाठी रुग्णाला बहुधा पुणेच गाठावे लागते. शिरूरहून एसटीने, दौंडहून रेल्वेने. प्रत्येक फेरीत एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि सोबतीला घरातील एक माणूस लागतो. त्यामुळे नजर अंधूक झाली की तातडीने निघावे की थांबावे, हा इथल्या कुटुंबांपुढचा कळीचा प्रश्न ठरतो.

नस सुजते तेव्हा

एमएसमधील सर्वांत परिचित दृष्टिदोष म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज. सहसा एकाच डोळ्याची नजर काही तासांत वा दिवसांत मंदावते. डोळा फिरवताना दुखतो, मध्यभागी डाग आल्यासारखे वाटते आणि लाल रंग फिका, विटकरी दिसतो. सूज नसेच्या मागील भागात असेल, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणीही निर्दोष येते. मग चष्म्याचा नंबर बदलला असावा, असे समजून काही आठवडे वाया जातात.

अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात ४५७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने या आजाराच्या उपचारांची दिशा ठरवली. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर सुधारते. मात्र अंतिम सुधारणेत फारसा फरक पडत नाही, असे त्यात आढळले. नेहमीच्या मात्रेतील स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मात्र पुन्हा झटका येण्याचे प्रमाण वाढले. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर अशा गोळ्या आणून घेणे घातक ठरू शकते. याच रुग्णांच्या पाठपुराव्यात १५ वर्षांनी निम्म्या जणांना एमएस झाल्याचे दिसले. पहिल्या एमआरआयमध्ये मेंदूत डाग नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के, तर डाग असलेल्यांत ७२ टक्के होते. दिलासा असा, की बहुतेकांची नजर बऱ्याच अंशी परत येते.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या निराळ्या आजाराची लक्षणे एमएससारखीच भासतात. पण दृष्टीची हानी अधिक गंभीर असते. त्याचा छडा लावणारी रक्तातील प्रतिपिंडे २००४ मध्ये सापडली. एमएसची काही औषधे या आजारात अपाय करतात. त्यामुळे निदान पक्के होण्यापूर्वी एमएसची दीर्घकालीन औषधे सुरू करण्याची घाई करू नये.

उन्हातला अंधूकपणा

पूर्वी सुजून गेलेली नस उष्णतेने पुन्हा मंदावते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये ही बाब नोंदवली. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी एखाद्याची नजर धूसर होऊ शकते. एप्रिल-मेमधील शेतातील काम, गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळची धग, भट्टीशेजारची पाळी, ताप किंवा गरम पाण्याची अंघोळ, यांपैकी काहीही त्यास पुरते. शरीर थंडावल्यावर नजर पूर्ववत होते. हा नवा झटका नव्हे आणि त्याने नसेची नवी हानीही होत नाही. सावली, गार पाणी, ओला पंचा आणि विश्रांती हेच त्यावरचे उपाय. जड कामे सकाळी लवकर उरकावीत.

ताप वा जंतुसंसर्ग नसताना नवी तक्रार चोवीस तासांहून अधिक टिकली, तर तो झटका समजून तज्ज्ञांना गाठावे. डोळा दुखून नजर झपाट्याने जात असेल किंवा दोन्ही डोळे एकदम अंधूक झाले असतील, तर मात्र चोवीस तासांचीही वाट पाहू नये.

रस्ता, पायऱ्या आणि काम

मेंदूतील डागांमुळे डोळ्यांच्या हालचालींचा मेळ बिघडला, तर एका वस्तूच्या दोन दिसतात किंवा समोरचे दृश्य थरथरते. दोन दिसत असल्यास एक डोळा झाकल्याने तात्पुरता आराम मिळतो. पट्टी आलटून पालटून बांधावी. काहींना प्रिझमच्या चष्म्याचा उपयोग होतो. अशा काळात दुचाकी, ट्रॅक्टर वा कारखान्यातील चालती यंत्रे हाताळू नयेत.

एका डोळ्याची नस मंद झाली की चालत्या वाहनाचे अंतर चुकीचे भासू शकते. पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर महामार्ग ओलांडणाऱ्यास हा धोका मोठा आहे. शिवाय तक्त्यावरील अक्षरे नीट वाचणाऱ्यालाही संधिप्रकाशात पायरीची कड किंवा एसटीची फिकट पाटी दिसत नाही. पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्टे, वाचनासाठी बाजूने येणारा उजेड, भिंग आणि मोबाइलमधील मजकूर वाचून दाखवणारी सोय यांनी दैनंदिन जीवन सुकर होते.

फिंगोलिमोड हे औषध सुरू करणाऱ्यांच्या डोळ्याच्या पडद्याला क्वचित सूज येते. म्हणून उपचारापूर्वी आणि नंतर तीन-चार महिन्यांनी नेत्रतपासणी आवश्यक असते.

हक्क आणि आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास आरक्षण व विविध योजनांची वाट खुली होते. नजर दिवसागणिक बदलत असल्याने एकाच तपासणीत त्रासाचे पूर्ण चित्र उमटेलच असे नाही. त्यासाठी झटक्यांच्या तारखा, उन्हातील त्रास आणि सर्व अहवाल एका वहीत जपून ठेवावेत. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा असून तेथे रुग्ण व कुटुंबीयांना मार्गदर्शन मिळू शकते.

वरकरणी डोळे निरोगी दिसतात, म्हणून घरच्यांना व मालकांना ही तक्रार कामचुकारपणाची वाटण्याचा संभव असतो. हा गैरसमज दूर होणे, हेही रुग्णासाठी औषधाइतकेच मोलाचे आहे.