शनिवारची सकाळ कुणाची?

आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा असायची. त्यामुळे दूरदर्शनवरचा मोगली १९९३ साली भेटला तो रविवारी. अमेरिकेत मात्र शनिवारी सुट्टी. तिथे साठच्या दशकात मोठ्या वाहिन्यांनी ती सकाळ मुलांच्या कार्टूनला देऊन टाकली. १९६६ साली सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी सलग कार्टूनची रांगच लावली. यात वात्सल्य कमी, हिशेब जास्त. मोठी माणसं झोपलेली, म्हणून वेळ स्वस्त. आणि साखर लावलेला नाश्ता, खेळणी विकणाऱ्यांना देशभरची मुलं एकत्र सापडत.

चित्रंही स्वस्तात हवीत. हॅना-बार्बेरा यांनी योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर घातली ती उगाच नव्हे. धड तसंच ठेवायचं, डोकं तेवढं नव्यानं काढायचं. कॉलरमुळे सांधा दिसत नाही. (यमक जुळवताना आम्ही कवी दुसरं काय करतो?)

१९६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरेन या दोन मुलींच्या आईनं काही जणींना घरी जमवून संघटना काढली. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती नकोत, ही त्यांची मागणी. ती पुरती कधीच मान्य झाली नाही. १९७४ मध्ये सरकारी आयोगानं थोडा लगाम घातला, १९८४ मध्ये तो सैल केला. अखेर १९९० साली कायदा झाला: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नाहीत.

या बाजारात एक गोष्ट मला फार आवडते. डेव्हिड मॅकॉल या जाहिरातवाल्याच्या मुलाला पाढे पाठ होत नव्हते, रॉकची गाणी मात्र तोंडपाठ. बापानं पाढ्यांचीच गाणी करून घेतली. १९७३ पासून एबीसीवर कार्टूनच्या मधे ती तीन-तीन मिनिटांची गाणी लागू लागली. पुढे व्याकरण आलं, राज्यघटनेची प्रस्तावनाही मुलं गाऊ लागली. आपले पाढे तर पहिल्यापासून तालावरच म्हटले जायचे!

मग केबल आली. चोवीस तास कार्टून मिळू लागल्यावर शनिवारची वाट कोण पाहणार? १९९२ मध्ये एनबीसीनं कार्टून बंद केली. २७ सप्टेंबर २०१४ रोजी सीडब्ल्यू वाहिनीवरची शेवटची शनिवारची मालिकाही संपली. जानेवारी २०१५ मध्ये पेगीबाई गेल्या.