गोलटी कांदा आणि नांगऱ्याचं जेवण

गेल्या शनिवारी गावाहून पिशवी आली. वर चांगला मोठा कांदा आणि तळाशी दोनेक किलो गोलटी. गोलटी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा, बाजारात भाव सगळ्यात कमी. फोन केला तर अण्णा म्हणाले, "व्यापारी हात लावीना. टाकवत नाही, म्हणून तुला धाडला."

तेव्हा मला इंग्लंडमधली बरणी आठवली. ऑफिसच्या कामासाठी काही महिने तिकडे होतो. एकदा पबमध्ये 'प्लाउमन्स लंच' मागवलं. म्हणजे नांगऱ्याचं जेवण. पाव, चेडर चीज आणि व्हिनेगरमध्ये मुरलेले दोन तपकिरी कांदे. मनात म्हटलं, ही तर आपली कांदा-भाकर! केवढी जुनी परंपरा असेल...

नंतर वाचलं तर गंमतच निघाली. पाव, चीज आणि कांदा हे तिथल्या मजुरांचं खाणं जुनंच आहे. पण या नावाने ते पबमध्ये रुळलं 1950 च्या दशकानंतर. महायुद्धात चीज रेशनवर गेलं होतं, ते 1954 मध्ये सुटलं. आता लोकांना पुन्हा चीजकडे वळवायचं होतं. 'चीज ब्यूरो' नावाच्या संस्थेने हे नाव पुढे आणलं आणि 1960 च्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डाने ते देशभर नेलं. थोडक्यात, नाव नांगऱ्याचं आणि खप चीजचा! इयन मॅक्युअनने लिहिलेल्या, याच नावाच्या 1983 च्या सिनेमात हे जेवण बनावट इतिहासाचं उदाहरण म्हणून येतं.

पण सगळंच बनावट म्हणावं तर तेही खरं नाही. युद्धाच्या काळात शेतमजुरांना इतरांपेक्षा जास्त चीज मिळायचं, कारण शेतावर कॅन्टीन कुठलं? शिदोरीच न्यायची. आणि कांद्याचं म्हणाल, तर तो बराचसा बाहेरून यायचा. फ्रान्सच्या ब्रिटनी नावाच्या किनारी भागातले शेतकरी सायकलला कांद्याच्या माळा लटकवून इंग्लंडमध्ये दारोदार विकत. 1940 मध्ये तो भाग जर्मनीच्या ताब्यात गेला आणि इंग्लंडमध्ये कांदा इतका दुर्मिळ झाला की सोडतीत बक्षीस म्हणून ठेवू लागले. बक्षीस! आणि इथे माझ्या पिशवीत दोन किलो नकोसे झालेले.

असो. रविवारी बसलोच. कांद्यांवर उकळतं पाणी ओतलं, म्हणजे सालं पटकन निघतात. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम मीठ घालून त्यात रात्रभर बुडवून ठेवले. मीठ कांद्यातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पुढे व्हिनेगर पातळ होत नाही आणि कांदा कुरकुरीत राहतो. सकाळी धुऊन पुसून कोरडे केले. माल्ट व्हिनेगर म्हणजे जवाच्या बिअरचं आंबवलेलं व्हिनेगर. त्यात साधारण 5 टक्के आम्ल हवं, जंतूंना रोखण्याचं काम तेच करतं. मिरी, मोहरी आणि तमालपत्र घालून ते उकळलं, गार केलं आणि बरणीत कांदे बुडेपर्यंत ओतलं. आता महिनाभर हात लावायचा नाही. (बायकोचा यावर विश्वास नाही.)

संध्याकाळी अण्णांना सांगितलं की तिकडे लोणच्यासाठी बी दाट पेरून कांदा मुद्दाम लहान ठेवतात.

"मुद्दाम? येडे का काय?" मग थोडं थांबून, "भाव काय देतात रे त्याला?"

तो प्रश्न मी शोधलाच नव्हता. चीज कोणी विकलं, नाव कोणी दिलं, सगळं वाचलं. नांगऱ्याच्या हाती काय पडलं ते नाही.

बरणीवर चिठ्ठी लावायची होती. 'प्लाउमन्स' लिहायला पेन उचललं आणि थांबलो. तारीख घातली आणि खाली लिहिलं: गोलटी, अण्णांच्या वावरातली.