लुईचं खरं नाव

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "मामू, नोकरी लागली. शेरिडनला. वायोमिंग राज्यात." भाचा डॉक्टर. मिरजेत शिकला, पुढचं प्रशिक्षण अमेरिकेत घेतलं. अशा परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षण संपलं की दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. पण जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं, तर ती अट माफ होऊ शकते. त्या सवलतीनं आमचा मुलगा रॉकी पर्वताच्या मुलखात चालला होता. दुसऱ्या दिवशी बहीण घरी आली. म्हणाली, "भाई, तिथं माणसं राहतात का? नकाशात तर नुसते डोंगर दिसतात."

तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. महाराष्ट्रातून नाशिक विभाग वजा केला तर जेवढी जमीन उरेल, साधारण तेवढं वायोमिंग. आणि २०२० च्या जनगणनेनुसार माणसं किती? पाच लाख शहात्तर हजार. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून जेवढी वस्ती, त्याहून थोडी जास्त. एका चौरस किलोमीटरला दोन-अडीच माणसं. अमेरिकेतलं सर्वांत कमी लोकवस्तीचं राज्य ते हेच.

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. त्या इतिहासानं मला पोट दिलं नाही, पण एक खोड दिली. बहीण गेल्यावर मी पुस्तकं काढून बसलो. आमच्या पोराच्या आधी त्या डोंगरात पोट भरायला कोण कोण गेलं आणि त्यांचं काय झालं, हे मला पाहायचं होतं.

हा मुलूख मुळात ओसाड नव्हता. शोशोनी, अरापाहो, शायान, क्रो, लाकोटा या लोकांचा तो शिकारीचा आणि राहण्याचा प्रदेश. त्यांना मागं रेटून १८६७ पासून तिथं रेल्वे घातली गेली आणि रुळांच्या कडेनं गावं उभी राहिली. गोऱ्या वस्तीत पुरुष फार, बायका थोड्या. १८६९ साली वायोमिंगनं स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला, तो हक्क देणारा अमेरिकेतला हा पहिला प्रांत. त्यामागं तत्त्व होतं, राजकारण होतं आणि बायका इकडं याव्यात ही आशाही होती.

सरकारनं माणसं बोलावण्यासाठी जमीनही वाटली. १८६२ च्या कायद्यानं शेत कसणाऱ्याला १६० एकर मिळत. ऐकायला केवढी मोठी गोष्ट! पण पाऊस नसलेल्या माळावर १६० एकरांत एक कुटुंब जगत नाही, हे कळायला त्यांना पन्नासेक वर्षं लागली. मग १९०९ साली कोरडवाहू भागासाठी ती मर्यादा ३२० एकर झाली आणि १९१६ साली गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४०. आमच्या जत तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

रेल्वेला कोळसा लागे. तो काढायला रॉक स्प्रिंग्जच्या खाणीत चिनी मजूर आणले, गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर. त्यातून वैर वाढलं. २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्तीवर हल्ला केला. किमान २८ चिनी माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. एकालाही शिक्षा झाली नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बहिणीला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं.

पण पुढं एक माणूस भेटला. त्याच्याबद्दल मात्र तिला सांगितलं.

झरीफ खान. जन्म १८८७ च्या सुमारास, खैबर खिंडीजवळच्या बाडा गावात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात. पठाणाचा हा पोरगा लहानपणीच घर सोडून निघाला आणि १९०९ च्या सुमारास शेरिडनला पोहोचला, म्हणजे आमच्या भाच्याच्याच गावात! तिथं ना जमीन, ना नातलग, ना भाषा. त्यानं काय केलं? बादलीत गरम तमाले भरले आणि रस्त्यावर विकायला उभा राहिला. तमाले हा मेक्सिकोचा पदार्थ. मक्याच्या पिठात सारण घालायचं, मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळायचं आणि वाफवायचं. कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या करतात, त्याच जातीची कल्पना. खैबरचा पठाण मेक्सिकोचा पदार्थ अमेरिकेतल्या गुराख्यांना विकत होता.

गाव त्याला लुई म्हणू लागलं. काही वर्षांत त्यानं दुकान टाकलं. तमालेबरोबर हॅम्बर्गर आले. वकील, गुराखी, शाळकरी पोरं, सगळे तिथं खायला येत. मिळालेला पैसा त्यानं शेअर बाजारात घातला आणि तो श्रीमंत झाला. तरी दुकान चालवत राहिला. 'हॉट तमाले लुई' हे नाव शेरिडनमध्ये पोराटोरांच्या तोंडी होतं.

इथवर गोष्ट गोड आहे. आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत नागरिकत्व कुणाला द्यायचं, याचा १७९० चा कायदा सांगत होता, 'मुक्त गोऱ्या व्यक्तीला'. १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ते मिळू लागलं. मधल्या रंगाच्या माणसांचं काय? पंजाबचे भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला : शास्त्रज्ञ वंशाबद्दल काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही. या निकालाच्या आधारे, आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचेही कागद काढून घेतले गेले. झरीफ खानलाही त्या दशकात नागरिकत्व मिळालं आणि लगेचच रद्द झालं.

म्हणजे दुपारी ज्याच्या हातचं गाव खात होतं, तो सरकारदरबारी परका. गावाची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण माया आणि हक्क या वेगवेगळ्या पेढीवरच्या ठेवी आहेत, एकीची पावती दुसरीकडे चालत नाही.

एवढ्या रिकाम्या राज्यात जागेचा प्रश्न कधीच नव्हता. १९४२ साली सरकारनं जपानी वंशाची दहा हजारांवर माणसं पश्चिम किनाऱ्यावरून उचलून वायोमिंगमध्येच हार्ट माउंटनच्या छावणीत, तारेच्या कुंपणाआड ठेवली. त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकी नागरिक. लोकसंख्येच्या हिशेबानं ती छावणी राज्यातलं तिसरं मोठं शहर ठरली.

हळूहळू कायदा नरमला. १९४६ साली हिंदी लोकांना नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं, १९५२ साली वंशाची अट गेली. १९५४ साली झरीफ खान पुन्हा नागरिक झाला. तोवर तो साठी ओलांडून गेला होता. उतारवयात त्यानं मायदेशी लग्न केलं, मुलं झाली. १९६४ साली पाकिस्तानात, नात्यातल्याच एकाच्या हातून त्याचा खून झाला. आणि २०१५ साली वायोमिंगमधल्याच गिलेट गावात त्याच्या वंशजांनी नमाजासाठी एक घर घेतलं, तेव्हा काही लोकांनी ओरड केली, हे कोण बाहेरचे आले? त्यांचं घराणं तिथं शंभर वर्षांहून जुनं होतं.

हे वाचताना मला माझे अब्बा आठवत होते. ते बांगड्यांचा पेटारा घेऊन जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरत. तिकडं ते 'मणेरमामा'. लेकीबाळींच्या हातात बांगड्या भरताना कुठली सून माहेरी गेली, कुणाच्या घरी लग्न निघालं, सगळं त्यांना ठाऊक. दुष्काळात उधारी लिहून न घेता बांगड्या भरत. ते वारले तेव्हा मी मोठ्या हौसेनं वर्तमानपत्रात त्यांचं पूर्ण नाव छापलं. त्या गावांतून कुणीही आलं नाही. मला राग आला होता. पंधरा दिवसांनी बाजारच्या दिवशी कुणीतरी सांगितलं की मणेरमामा गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बायका आमच्या दारात उतरल्या. रडून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "बाळा, मामाचं नाव काय होतं रे?" चाळीस वर्षं तिनं त्यांच्यापुढं हात धरला होता.

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

मी स्वतः मराठीत कविता लिहितो. अजूनही एखाद्या संमेलनात कुणी प्रेमानं म्हणतो, "तुमची मराठी छान आहे हो." मी आभार मानतो. काय करणार!

भाच्याला आता तिथं दुसरा हिवाळा. गाडीत फावडं, कांबळं आणि पाणी ठेवल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. वादळात हमरस्ताच बंद होतो. बहिणीनं त्याला परवा विचारलं, "तिथं तुला काय म्हणून हाक मारतात?" म्हणाला, "बहुतेक नुसतं 'डॉक' म्हणतात. पण एक आजोबा पेशंट आहेत, ऐंशीच्या पुढचे. लहानपणी लुईच्या दुकानात खाल्लेलं त्यांना आठवतं. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, सावकाश म्हणायला लावलं आणि औषधाच्या कागदामागं लिहून घेतलं."

बहीण विचारत होती, त्यांनी नीट लिहिलं का?