लॅटिन संगीत : क्युबातील उगम आणि लोकप्रिय प्रकार

'लॅटिन संगीत' हे शब्द कानी पडताच आपल्यापैकी अनेकांना लॅटिन भाषेतील मिस्सागीते व ग्रेगोरियन गायन आठवते. तथापि आज ही संज्ञा निराळ्या अर्थाने रूढ आहे. लॅटिन अमेरिकेतील, म्हणजे मुख्यतः स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांतील, लोकसंगीत व नृत्यसंगीत असा तिचा अर्थ होतो. ब्राझीलचा सांबा व अर्जेंटिनाचा टँगो हे त्याचेच प्रकार होत. मांबो, चा-चा-चा आणि साल्सा यांची मुळे मात्र क्युबा या कॅरिबियन बेटावर आहेत. म्हणून येथे त्या बेटाच्या संगीताचा परिचय करून देत आहोत.

दोन प्रवाह : सोळाव्या शतकात स्पेनने क्युबात वसाहत स्थापिली. रोगराई व सक्तमजुरी यांमुळे तेथील मूळ ताइनो लोक बहुतांशी नामशेष झाले. पुढे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लक्षावधी माणसे गुलाम म्हणून आणली गेली. ही अमानुष प्रथा तेथे १८८६ साली संपुष्टात आली. स्पेनकडून गिटार, सुरावटी व काव्यबंध आले. आफ्रिकेकडून ढोल, गुंतागुंतीचे ताल आणि एकाने गावे व समूहाने प्रतिसाद द्यावा ही गायनपद्धती आली. या दोहोंच्या मीलनातून क्युबाचे संगीत जन्मास आले.

चर्च आणि संगीत : एस्तेबान सालास (१७२५–१८०३) हे क्युबाच्या आद्य संगीतकारांपैकी एक. सांतियागो दे क्युबा येथील कॅथेड्रलचे संगीतप्रमुख असताना त्यांनी लॅटिन उपासनागीतांबरोबरच नाताळसाठी लोकभाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, गीते रचली. दुसरीकडे, आफ्रिकी लोकांनी आपापल्या वंशगटानुसार 'काबिल्दो' नावाची परस्पर साहाय्य मंडळे स्थापिली होती. ती बहुधा एखाद्या संताच्या नावाने चालत. ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, या मंडळांना हवानाच्या रस्त्यांवरून ढोल वाजवीत मिरवणूक काढण्याची मुभा असे. ज्या ख्रिस्ती समाजाने त्यांना बंधनात ठेवले, त्याच्याच सणाचा आधार घेऊन त्यांनी आपला ताल जिवंत राखला, ही बाब आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

रुंबा : हवाना व मातांसास या बंदरांतील गरीब वस्त्यांत रुंबा वाढला. ढोल नसला की लाकडी खोक्यांवर ताल धरला जाई. 'क्लावे' म्हणजे एकमेकींवर आपटण्याच्या दोन कठीण लाकडी कांड्या. त्यांच्या पाच आघातांचा ठेका साऱ्या रचनेला बांधून ठेवतो. २०१६ साली युनेस्कोने क्युबाच्या रुंबाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

सोन : पूर्व क्युबाच्या ग्रामीण भागात 'सोन' हा प्रकार उदयास आला. त्यात 'त्रेस' हे गिटारसारखे तंतुवाद्य, बाँगो, माराकास व क्लावे यांची साथ असते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हवानात पोहोचला. उच्चभ्रूंनी प्रथम त्याला हीन लेखले. परंतु १९२० च्या दशकात तोच राष्ट्राचा मानबिंदू ठरला. अंध त्रेसवादक आर्सेनियो रोद्रिगेस (१९११–१९७०) यांनी त्यात काँगा, पियानो व अधिक ट्रंपेट यांची भर घालून तो समृद्ध केला.

मांबो, चा-चा-चा व साल्सा : पेरेस प्रादो यांनी मांबो जगभर नेला, तर १९५० च्या दशकाच्या आरंभी एन्रिके होर्रिन यांनी चा-चा-चा रूढ केला. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या पोर्तो रिको व क्युबा येथील वादकांनी सोनला जॅझची जोड दिली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या फानिया या ध्वनिमुद्रिका कंपनीमुळे हे संगीत 'साल्सा' या नावाने प्रसिद्धी पावले. मायदेश सोडून आलेल्या सेलिया क्रूस (१९२५–२००३) या त्याच्या अग्रगण्य गायिका होत.

मुंबईशी नाते : हे ताल मुंबईतही पोहोचले. मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा होता. हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांपैकीच. संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांचे साहाय्य लाभले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील संगीतात लॅटिन तालांचा ठसा स्पष्ट ऐकू येतो.

विस्मृतीतून पुन्हा प्रकाशात : १९९६ साली हवानात काही वयोवृद्ध कलावंतांना एकत्र आणून 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' हा संग्रह ध्वनिमुद्रित करण्यात आला. गायक इब्राहिम फेरेर तेव्हा साठी उलटलेले होते व उपजीविकेसाठी लोकांचे बूट चमकवीत असत. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या संग्रहाने त्यांना जगापुढे आणले.

ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीच उरले नव्हते, त्यांनी रिकाम्या खोक्यांवर धरलेला ताल आज जगाच्या ओठी व पावली आहे. लॅटिन संगीत ऐकताना त्याचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र त्यामागील वेदनेचा व चिवट आशेचा विसर पडू देऊ नये.