तवंदीच्या चढाआधी

साल 1927. काल मृगाची पहिली सर पडून गेली आहे, दूधगंगेकाठच्या काळ्या रानाचा वास अजून हवेत आहे, आणि तुम्ही सदलग्यात एका फोर्ड ‘टी’ मोटारीशेजारी उभे आहात. तवनिधीच्या दर्शनाला निघालेलं कुटुंब गाडीत बसून पुन्हा खाली उतरतंय. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे; गादी उचलल्याशिवाय झाकणाला हात पोचत नाही.

“अण्णा, जरा दम धरा की,” मेस्त्री म्हणतो. “आत पाणी गेलं तर तवंदीच्या घाटात बसायला लागंल.”

तो उगाच भीती घालत नाही. या गाडीला पेट्रोलचा पंपच नाही. टाकीतलं पेट्रोल स्वतःच्या वजनानं नळीतून उतरतं, कार्बोरेटरच्या वाटीत साठतं आणि सुईच्या टोकाभोवतीच्या बारीक फटीतून हवेत ओढलं जातं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते वाटीच्या तळाशी बसतं, आणि फटीकडे जाणारी वाट तळातूनच निघते. पेट्रोलच्या डब्याच्या गंजाचा एक कण किंवा पाण्याचा थेंब तिथं पोचला की चारही सिलिंडर भुकेले राहतात.

पेट्रोल आलंय पत्र्याच्या डब्यातून. मेस्त्री ते टाकीत ओतत नाही. आधी गाळणी तपासतो. पितळी नरसाळ्यात मऊ कमावलेलं शामॉय कातडं बसवलेलं आहे. पेट्रोल शामॉयमधूनच गाळून भरा, असं फोर्डची पुस्तिकाही सांगते. पण कातडं चांगलं की वाईट हे पुस्तिका कुठून सांगणार? तो आधी कातडं पेट्रोलनं भिजवतो. ही पायरी चुकवून चालत नाही: कोरडं कातडं पाण्यानं आधी भिजलं तर पेट्रोलचीच वाट अडते. मग वाटीभर पेट्रोलात मुद्दाम चमचाभर पाणी घालून तो ते नरसाळ्यात सोडतो. पेट्रोल झिरपून खालच्या काचेच्या बाटलीत उतरतं. पाणी वर राहतं, कातड्यावर गोल मणी होऊन घरंगळतं.

तुम्हाला वाटतं, झालं. मेस्त्री मात्र बाटली उन्हात धरून हळूच फिरवतो. तळाला पाणी नाही, पण मधोमध दोन बारीक धागे तरंगताहेत. कातडं जुनं होऊन स्वतःच झडू लागलंय. तो ते बाजूला टाकतो आणि दुसरं काढून सगळं पुन्हा पहिल्यापासून करतो. अण्णा चुळबुळतात. मला विचाराल तर त्या सकाळचं सगळ्यात मोलाचं काम हेच: घाण अडवणाऱ्या वस्तूवरही डोळे मिटून विश्वास न ठेवणं.

टाकी भरताना तो नरसाळं टाकीच्या तोंडाला घट्ट टेकवून धरतो. कातड्यातून पेट्रोल झिरपताना घर्षणानं वीज साठते. नरसाळं अधांतरी राहिलं तर ठिणगी उडू शकते. “पाव्हणं, तुमी बी जरा लांब,” तो तुम्हाला बजावतो, आणि निपाणीची तंबाखू भरलेली विडी पेटवायला निघालेल्या किन्नरावर, म्हणजे गाडीच्या क्लीनरवर, खेकसतो.

आता उलटी परीक्षा. टाकीखालच्या वाटीत बारीक जाळी आहे. ती फार बारीक असेल किंवा गाळानं भरली असेल, तर कचरा अडेल आणि पेट्रोलही अडेल. म्हणून तो नळी कार्बोरेटरपाशी सोडवतो, तिच्या टोकाखाली बाटली धरतो आणि मोठ्यानं आकडे मोजतो. सपाटीवर ताशी वीस मैलांनी जाताना या इंजिनाला, आजच्या मापात, मिनिटाला शंभर मिलिलिटरहूनही कमी पेट्रोल लागतं. तेवढं सहज येतंय. पण चढावर इंजिनाची भूक वाढते, नाक वर झालं की टाकी आणि कार्बोरेटर यांच्या उंचीतला फरक कमी होतो, आणि धार बारीक पडते. टाकीत पेट्रोल कमी असेल तर धार तुटतेसुद्धा. मग ड्रायव्हर गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये घाट चढवतात. म्हणून सदलग्याच्या सपाटीवर त्याला गरजेच्या कितीतरी पट धार हवी आहे.

बाटली भरते. तो मान हलवतो, नळी आवळतो, गादी जागेवर बसवतो. “बसा आता.”

किन्नर हँडल मारतो. गाडी निपाणीकडे निघते तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेले असता. निपाणी ओलांडून, तवंदीचा चढ लागायच्या आधी, मेस्त्री गाडी थांबवून टाकीखालच्या वाटीची तोटी उघडणार आहे, कारण या रस्त्याच्या धक्क्यांनी टाकीच्या तळाशी बसलेला जुना गाळ तोवर हललेला असेल.